वंशावळीत न लिहिलेली पणजी

आमगावजवळच्या आमच्या गावी थोरल्या काकांनी मोठ्या फळीवर घराण्याची वंशावळ रंगवून घेतली. त्यात पणजोबांची पहिली बायको होती, जी मूल न होताच वारली. त्यांची दुसरी बायको, म्हणजे काकांचीच सख्खी आजी, कुठेच नव्हती.

मी विचारलं तेव्हा काका जेवत होते.

"पाटाची बाई होती ती. विधवा होऊन आली होती. तिचं नाव कायले लिवाचं?"

"तुमचे बाबा तिच्याच पोटी जन्मले ना?"

"तू मले शिकवाले आली का?"

गावतलावाची पाळ फुटली तेव्हा पणजोबा तापानं अंथरुणाला खिळले होते. पणजीनंच घरोघर जाऊन माणसं गोळा केली आणि स्वतः डोक्यावर टोपल्या घेऊन माती वाहिली. काकांचं धान आजही त्याच पाण्यावर पिकतं. काकांना हे ठाऊक होतं, म्हणून तर मला जास्त संताप आला.

मी दुकानातून रंग आणला आणि सगळ्यांदेखत फळीवर पणजीचं नाव लिहायला घेतलं. काकांनी माझा हात पिरगाळला, तरी नाव पुरं केलं.

"पुन्हा या घरात पाय ठेवजो नोको!"

"नाही ठेवणार," मी म्हटलं.

आठवड्याभरात काकांनी ते नाव विळ्यानं खरवडलं, असं चुलतबहिणीनं फोनवर सांगितलं. यंदा ते आजारी पडले. भेटून जा, असा दोनदा निरोप आला. मी गेले नाही.