हरभऱ्याएवढी अक्षरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल सून टॅबवर वाचत होती. तिनं काचेवर दोन बोटं फाकवली आणि अक्षरं हरभऱ्याएवढी झाली. मला माझी बायको आठवली. सुमन नवं पुस्तक आलं की आधी त्याचा वास घ्यायची, मगच वाचायला बसायची. पुढे तिची नजर अधू झाली. मुलानं तिच्यासाठी असाच टॅब आणला, तो मी परत करायला लावला.

"आपल्या घरात पुस्तकं वाचतात," मी म्हणालो.

"तुम्ही वाचा हो. मला कुठे दिसतंय?" ती हसली.

त्यानंतर ती जुनं पुस्तक मांडीवर घेऊन नुसती पानं उलटत बसायची. शेजारी मी माझं वाचत असे. "सुमन, माझं चुकलं," हे ती असेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.