वाऱ्याला आडवं पळा

पिंपळगाव बसवंतच्या मुलींच्या शाळेत उज्वला गांगुर्डे विज्ञान शिकवायची. १९९८ साली नववीच्या वर्गात तिने अमोनियाचा प्रयोग केला. गॅस भरलेल्या चंबूत पाणी उसळून गुलाबी कारंजं उडालं, मुलींनी टाळ्या पिटल्या. ती म्हणाली, "हाच गॅस कोल्ड स्टोरेजच्या नळ्यांतून फिरतो. कोणाकोणाची आई तिथे द्राक्षं भरते?"

सतरा हात वर गेले.

मग धडा पुस्तकाबाहेर गेला : हा गॅस गळला तर काय करायचं. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून नाकाला ओला रुमाल. वारा कुठून येतो ते आधी बघायचं, मग त्याला आडवं पळायचं. मैदानात बांबूला ओढणी बांधून सराव सुरू झाला.

भिमाजीशेठ कोल्ड स्टोरेजचे मालक, शाळेच्या संस्थेतही. ते थेट वर्गात आले. "बाई, पोरींना भीती घालू नका. उद्या बाया कामावर यायच्या नाहीत."

"भीती नाही घालत, शेठ. विज्ञान शिकवतेय."

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. तिने एकच ओळ लिहिली : 'पुस्तकातला अमोनिया पाण्यात विरघळतो, गावातलाही विरघळतो.'

जूनमध्ये तिचं विज्ञान काढून पी.टी. दिली. घरी जाऊन ती रडली. दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या तासाला तिने पुन्हा बांबू रोवला. पळायला शिकवणं आता तिचं कामच होतं!

२००० च्या फेब्रुवारीत भर दुपारी कोल्ड स्टोरेजमध्ये व्हॉल्व्ह फुटला. माणसं गेटकडे धावली; वाराही तिकडेच वाहत होता. आत द्राक्षं भरणाऱ्या बायांत मंगलाबाई होती. तिच्या लेकीने, उज्वलाच्या वर्गातल्या आशाने, घरी आईकडूनही सराव करून घेतला होता.

"गेटाकडं जाऊ नका!" मंगलाबाई ओरडली. "पदर भिजवा, वाऱ्याला आडव्या चला!"

चाळीस बायांनी हौदात पदर बुडवले, क्रेट रचून बाजूची भिंत ओलांडली. गेटकडे गेलेले दोन हमाल आठ दिवस दवाखान्यात होते. वाचले.

पंधरवड्याने भिमाजीशेठ शाल-नारळ घेऊन शाळेत आले. सगळ्यांदेखत उज्वलाने हात मागे घेतले. "शाल नको. त्या भिंतीला दार पाडा."

"बघू."

"बघू नका, शेठ. तारीख सांगा."

त्यांनी सांगितली नाही. मग ती दर सोमवारी पी.टी.चा वर्ग त्या भिंतीपर्यंत पळवत नेऊ लागली. मुली भिंत थापटून ओरडायच्या, "दार कुठंय?" आतून त्यांच्या आयाही भिंत थापटायच्या. पाचव्या सोमवारी थापटण्याऐवजी छिन्नीचे घाव ऐकू आले.