फ्लेक्सवरचं तोंड

"मास्क काढ. तोंड दिसलं पाहिजे."

फोटोग्राफर असं म्हणाला. मला टीबी झालेला, गोळ्या सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला. माणसांत जाताना मास्क काढायचा नाही, असं दवाखान्यातल्या नर्सनं मला बजावून सांगितलेलं. ती नर्स तिथंच, स्टेजच्या कडेला उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. मी मास्क हनुवटीखाली ओढला.

"हस की जरा. फुकट मिळतंय, रडतीस काय?"

हे शेठ बोलले. सोलापुरातले मोठे व्यापारी, त्या दिवशीचे दाते. त्यांच्या हातात पिशवी होती. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. पेशंटला सकस खायला मिळावं म्हणून. पिशवीवर शेठचाच हसरा फोटो छापलेला. त्यांनी दोन बोटांत पिशवीचा बंद धरला, हात होईल तेवढा लांब केला आणि पिशवी माझ्यापुढं धरली. फोटो निघाला. मी वळते न वळते तोच त्यांनी खिशातून सॅनिटायझर काढलं आणि हात चोळले. लपूनछपून नाही, सगळ्यांच्या देखत.

आमच्या कुंभारीच्या बिडी कामगार वसाहतीतल्या हॉलमध्ये हे घडलं. पाहुण्यांना सोफा, गावातल्या बघ्यांना खुर्च्या, आम्ही पेशंट भिंतीला लागून उभे. मायकवर एकेकाचं नाव पुकारत होते. आडनावासकट, आणि प्रत्येक नावाच्या आधी 'क्षयरुग्ण'. मागं बॅनर होता, 'लोकसहभागातून क्षयमुक्ती'. आमचा सहभाग म्हणजे काय, तर उभं राहायचं, हसायचं आणि पिशवी घेऊन खाली उतरायचं.

तो फोटो मोबाईलवर तर फिरलाच. चौथ्या-पाचव्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला शेठ, एका बाजूला मी. माझं तोंड केवढं! आयुष्यात माझा एवढा मोठा फोटो कुणी काढला नव्हता. लग्नात सुद्धा नाही. खाली लिहिलेलं, 'टीबी हारेगा'. येणारी-जाणारी माणसं आधी फ्लेक्स बघायची, मग मला बघायची, मग रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची.

घरी वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात गेले. तिथल्या कारकुनानं माझ्या बिड्यांना हात लावला नाही.

"उद्यापासून पान-तंबाखू न्यायला येऊ नको."

"का?"

"चौकात तोंड लागलंय तुजं. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

मी म्हटलं, डॉक्टर सांगतात की हा आजार हवेतून पसरतो, हात लावलेल्या वस्तूतून नाही.

"मग डॉक्टरलाच बसव हितं बिड्या घ्यायला."

मागच्या बायका हसल्या. त्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं त्या रांगेत उभी राहिले होते. आणि धंदा कसला, तर बिडीचा! जगाच्या छात्या पोखरणारा माल विकायचा आणि माझ्या छातीची भीती घालायची. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. घरी आले आणि जावेच्या नावावर बिड्या वळायला लागले. माझे हात, माझी कंबर, नाव तिचं.

ज्या संस्थेनं तो कार्यक्रम घेतला, तिच्या मॅडमना जाऊन भेटले. म्हटलं, तो फ्लेक्स काढा. मॅडमनी मला पाणी दिलं, कागदी कपातून. म्हणाल्या, "अहो ताई, राहू द्या की. त्यानं जनजागृती होते. तुम्ही तर आता वस्तीचा चेहरा झालात." त्या मनापासून बोलत होत्या, हे सगळ्यात वाईट. गणपतीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स वर चढेपर्यंत मी त्या चौकात टांगलेली होते.

जनजागृती झाली, ती कशी ते सांगते.

आमच्या मागच्या लायनीत पद्मा राहते. माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणते. आमची दोघींची घरची बोली तेलुगू, पण वसाहतीत सगळ्यांशी बोलून बोलून मराठीच तोंडात बसलेली. तीही बिड्या वळते. तिचा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. संध्याकाळी अंग तापायचं, ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागलेलं. मला काही विचारायची गरज नव्हती, त्या सगळ्यातून मी गेले होते. तिला म्हटलं, चल, थुंकी तपासून घेऊ.

"न्हाय गं अक्का. तुजा लागला तसा माजा बी फोटू लागला म्हंजी? पोरीचं लगीन ठरवायलेत. मेले तरी चालंल, पण चौकात नगं."

मेले तरी चालेल. बॅनरवाल्यांनो, ऐका. ही तुमची जनजागृती.

मी तिच्या मागं लागले. भांडले. शेवटी शपथ घातली की कुणाला कळणार नाही. वसाहतीतला दवाखाना टाळून, बाजाराला जातो सांगून, बसनं तिला शहरातल्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात नेलं. टीबीच निघाला. गोळ्या मिळाल्या. रोज सकाळी ती पान-तंबाखूचं सूप घेऊन माझ्याकडं यायला लागली, बरोबर बसून बिड्या वळायचं निमित्त. आल्याआल्या गोळ्या घ्यायची आणि मग कामाला बसायची. तिला मळमळायचं. उपाशीपोटी गोळ्या सोसत नव्हत्या. तिला ती डाळ-शेंगदाण्याची पिशवी खरंच हवी होती.

तोवर मी बरी झालेली. मॅडम स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, तुम्ही आता टीबी चॅम्पियन, वरून अधिकारी येणार आहेत, तुम्ही स्टेजवर बसून दोन शब्द बोला. नव्या पेशंटची नावं दवाखान्याकडून त्यांना कळलेली होती. त्यात पद्मा होती; शहरात तपासली तरी पत्त्यावरून तिचं नाव इथल्याच दवाखान्यात आलेलं. मी म्हटलं, तिची पिशवी मी घरी पोचवते.

"फोटोशिवाय दात्यांना काय दाखवू?"

"पिशवीचा फोटू दाखवा की."

"त्यात माणूस लागतो, ताई."

मी हात जोडले. होय, जोडले. शेवटी म्हणाल्या, बरं, तिचं नाव घेणार नाही. तिला फक्त येऊन बसू द्या, पिशवी नंतर मागच्या दारानं देऊ.

पद्मा आली. शेवटच्या रांगेत, तोंडावर पदर. तिच्या पुढं दोन रांगा सोडून तिच्या होणाऱ्या जावयाची आई बसलेली. यावेळी मला स्टेजवर खुर्ची होती, गळ्यात हार. शेठ तेच. पिशव्या तशाच. सूत्रसंचालकानं घसा साफ केला.

"आता आपल्या वसाहतीतल्या नव्या क्षयरुग्ण भगिनी, श्रीमती प..."

मी कशी उठले ते मला आठवत नाही. मायकची वायर हातात होती आणि ती मी खेचली. आवाज तुटला.

"नाव घ्यायचं न्हाय," मी म्हटलं.

शेठ लाल झाले. "काय चाललंय हे? आम्ही काय गुन्हा केला? मदतच करतोय ना?"

"साहेब, तुमच्या घरात कुणाला दुखणं आलं तर चौकात फ्लेक्स लावता का?"

"तोंड सांभाळून बोल."

"सांभाळलंच हुतं की. तुमच्याच फोटोवाल्यानं मास्क काढायला लावला."

मॅडम माझ्या दंडाला धरून कानात बोलल्या, "ताई, बसा. तुमच्यामुळं सगळ्या वसाहतीच्या पिशव्या बंद होतील." मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरले. माझ्या मागं कुणी आलं नाही. काही जणी तिथंच थांबल्या, पिशवी घेतली, फोटो दिला. मी त्यांना बोल लावत नाही. भुकेल्या पोटानं मान ताठ ठेवणं सोपं नसतं.

पिशव्या खरंच बंद झाल्या. वसाहतीतल्या बायका मला तोंडावर बोलल्या, "सवता बरी झाली आन दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेतलं." मी आणि जाऊ पद्माला सकाळी भाकरी आणि डाळ देतो. बाकीच्यांना पुरत नाही, हे मला माहीत आहे, आणि त्या पिशव्या कुणी बंद केल्या हेही माहीत आहे. मी केल्या नाहीत. हक्काच्या खाण्याला फोटोची अट ज्यांनी लावली, त्यांनी बंद केल्या.

पद्मा काही दिवस आली नाही. मग एका सकाळी सूप घेऊन आली आणि गोळ्या काढता काढता म्हणाली, "तू उटलीस तवा मला वाटलं, आता हीच माजं नाव सांगती. लई भ्याले बग." मग गोळ्या घेतल्या. वजन थोडं वाढलंय. लग्नाची बोलणी अजून चालू आहेत.

त्यानंतर वसाहतीतल्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर आमच्या घरी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, बायका आमच्यापाशी खोकला लपवतात, तुमच्यापाशी बोलतात, तर आपण मिळून काम करू. तुम्हाला काय पाहिजे? इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. मी आणि जावेनं सांगितलं. पेशंटचा फोटो नाही. मायकवर नाव नाही. पेशंटची नावं दवाखान्याबाहेर जाणार नाहीत. बाईला टीबी झाला म्हणून तिचं काम तोडता येणार नाही, हे कारखान्याला सरकारनं सांगायचं. तो हो म्हणाला. लिहून दे म्हटलं, तर "वर विचारावं लागेल." वरून अजून काही आलेलं नाही. कारखान्यानं मला कामावर घेतलेलं नाही.

परवा मॅडमचा फोन आला. सगळं विसरल्यासारखा गोड आवाज. त्या डॉक्टरनं नावं द्यायची तेवढी स्वतःहून थांबवली होती, म्हणून माझी आठवण. नवा दाता मिळालाय, मोठा कार्यक्रम आहे, वसाहतीत कोणकोण खोकतंय त्यांची नावं पाठवा. "सहकार्य करा, ताई. लोकांनी साथ दिल्याशिवाय टीबी कसा जाणार?"

मी म्हटलं, "साथ देतेय की. खोकणारी एकेक बाई मी हाताला धरून दवाखान्यात नेणार. डॉक्टरला तिचं नाव मिळंल, पत्ता मिळंल. तुमच्या स्टेजला एक बी मिळायचं न्हाय."

"मग आम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारू."

"इचारा. जिला इचाराल तिच्याकडं बी मी आधीच जाऊन आलेय."