शेजारची घंटा

चार जुने शिक्षक भेटले की आमचा पहिला चहा निवतोच. एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला त्याच्या शेपटीला बांधलेला आठवतो, आणि फिरून फिरून आम्ही सगळे त्या चॅपलच्या पायरीवर येऊन बसतो.

नव्वदच्या दशकात सुरतेत, उधन्याला, आमची प्रयोगशील मराठी शाळा होती. पोरं बहुतेक खानदेशी, आईबाप लूमवर. शाळेच्या भिंतीला भिंत लागून एक छोटं चॅपल होतं. कुणा मिलवाल्या साहेबाने ख्रिस्ती कामगारांसाठी बांधलेलं. मिल बंद पडली, मंडळी सुरतेबाहेर सचिन, कडोदरा अशा गावांकडे पांगली आणि उरल्या एस्तेरमावशी. मूळच्या नवापूरच्या. झाडलोट, घंटा, दिवाबत्ती सगळं त्यांच्याकडे, आणि राहायच्याही मागच्याच खोलीत. त्यांना धाक एकच: एक दिवस कोणीतरी मोठा साहेब येईल आणि कुलूप लावून जाईल.

•

आमच्या शाळेत घंटा नव्हती. तत्त्व म्हणून नव्हती! आमचे मुख्याध्यापक वसंतभाऊ प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, "मुलं म्हणजे गुरं नव्हेत. घंटेवर हाकणं आम्हाला मान्य नाही."

एकदा बडोद्याहून काही शिक्षणतज्ज्ञ आले होते. भाऊंचं हे वाक्य अर्ध्यावर असतानाच पलीकडे मावशींनी दुपारची घंटा वाजवली. क्षणात सगळी पोरं वह्या मिटून, डबे घेऊन पसार.

पाहुणे भाऊंकडे बघत राहिले.

भाऊ शांतपणे म्हणाले, "ती शेजारची आहे."

•

शाळेत मोठी खोली नव्हती, म्हणून शनिवारची सभा चॅपलमध्ये भरायची. सगळं हात वर करून ठरायचं. नियम एकच, आणि तो पोरांनीच केलेला: सभेत जो बसला त्याने मत द्यायचंच, मग तो पाहुणा का असेना.

एका शनिवारी तपासणी अधिकारी आले. सभेपुढे तेव्हा प्रश्न होता, आधी तपासणी की आधी कबड्डी? पोरांनी साहेबांनाही बाकावर बसवलं आणि मत मागितलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, टाय सैल केला आणि कबड्डीला हात वर केला.

पंचही नंतर तेच होते.

•

नाताळात आम्ही चॅपलमध्ये नाटक बसवलं. तीन ज्ञानी पुरुष बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस आणतात, हे मावशींनी पोरांना समजावून सांगितलं. पोरांना ते काही पटेना. बाळंतिणीच्या घरी असं कोण नेतं? लगेच सभा भरली.

प्रयोगात पहिला ज्ञानी डिंकाचे लाडू घेऊन आला, दुसरा झबलं-टोपडं, आणि तिसऱ्याने बापाच्या लूमवरच्या कापडाचा तागा खांद्यावर टाकून आणला.

मला वाटलं, मावशींना वाईट वाटेल. त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "बराबर आहे ताई. त्या टायमाला बाईमाणसाला कोणी विचारलंच नसेल."

•

प्लेगच्या साली सुरत रिकामी झाली. आम्हीही खानदेशात पळालो. मावशी गेल्या नाहीत. सगळं निवळल्यावर परत आलो, तर फाटकात उभ्या. आम्हाला वाटलं, आता गळ्यात पडून रडतील.

त्या पोरांवर डाफरल्या, "मी घंटा रोज वाजवत होते हां. तुमची शाळा बुडाली ती तुमच्या पायाने!"

हसता हसता माझे डोळे भरून आले होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

•

आणि मग तो रविवार आलाच.

आदल्या दिवशी मावशी निरोप घेऊन आल्या, "उद्या रेव्हरंड साहेब येणार. मंडळी किती उरली ते बघणार." आम्ही शिक्षकांनी ठरवलं, पोरांना खोटीखोटी मंडळी म्हणून बसवायचं नाही. ते आपल्यात बसत नाही.

सकाळी जाऊन पाहते तर पोरं आपणहून आलेली. तेल लावून, भांग पाडून, बाक गच्च भरून. पुढच्या बाकावर सचिनहून आलेली चार म्हातारी माणसं.

रेव्हरंड साहेब भला माणूस. प्रवचन झालं, आणि अवघडलेल्या आवाजात ते म्हणाले, "मुलं प्रेमाने आलीत, आनंद आहे. पण इथली मंडळी उरली नाही. तेव्हा हे प्रार्थनाघर बंद करून सचिनच्या चर्चला जोडावं, असा विचार आहे. तुम्हा सर्वांना काय वाटतं?"

त्यांनी आपलं रीत म्हणून विचारलं. पण त्या खोलीत असं विचारायचं नसतं!

सातवीतली सुनंदा उठली. "बंद करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कोणाचाच नाही.

"चालू ठेवावं?"

सगळे हात वर. चारही म्हाताऱ्यांचे. वसंतभाऊंचा. माझा. मागे दाराशी, घंटेच्या दोरीजवळ मावशी मान खाली घालून उभ्या होत्या, त्यांचाही.

सुनंदाने खोलीभर नजर फिरवली आणि ती समोरच्या रेव्हरंड साहेबांवर येऊन थांबली. घाईत तिच्या तोंडून घरची अहिराणीच आली.

"साहेब, तुमना हात राही गया."

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या मावशींकडे. बायबल मिटून डाव्या काखेत धरलं आणि उजवा हात वर केला.

उपासना अजून संपायची होती. मावशींनी घंटा वाजवली, आणि सगळी पोरं सवयीने डबे खायला पळाली.