गठ्ठ्याची गाठ आणि उजनीचा वारा

उरलेलं आयुष्य शिडाच्या बोटीवर काढायचं, असं आमच्या ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं तेव्हा मला ठसकाच लागला. आम्ही सोलापूरकर. चार-पाच दिवसांआड नळाला येणारं पाणी भरून ठेवण्यात निम्मी हयात गेली, आणि ह्यांना समुद्रावर राहायचंय! पण चादरींचं दुकान पुतण्याच्या हाती सोपवल्यापासून ह्यांच्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. गोव्यात बोट चालवण्याचा वर्ग केला (मी आपली सोबत म्हणून गेले आणि बसल्या बसल्या शिकले). तिथंच एक जुनी बोट पसंत पडली. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत कळवा.

मी एकच अट घातली. शब्द देण्याआधी उजनी धरणाच्या पाण्यावर चार दिवस राहून बघू. दोघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी विषय बंद. नाही म्हणणारी मीच असणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

थंडीतली सकाळ. सात रस्ता चौकात चहा घेतला आणि निघालो. मोहोळ, टेंभुर्णीपर्यंत हायवे सरळसोट आहे. पुढं जेऊरकडं वळलात की उसाचे ट्रॅक्टर लागतात, दोन-दोन ट्रॉल्या डुलत चालतात, तिथं घाई करू नका. रेल्वेनं येणाऱ्यांना जेऊर स्टेशन सोयीचं. ह्यांच्या मित्राची लहानशी शिडाची बोट एका केळीच्या बागेच्या काठाला बांधलेली होती. बागेच्या मालकीण कमलबाई मोठ्या बोलक्या. आम्ही पाण्यावरच झोपणार म्हटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि घरात भांडण झालंय का, असं हळूच विचारलं.

बोटीतली खोली आमच्या देवघरापेक्षा जरा मोठी. कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवून. काठावर मासे मुबलक मिळतात, पण आमच्या घरात ते चालत नाहीत. म्हणून कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कमलबाईंच्या मळ्यातली वांगी. एक ध्यानात ठेवा, कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यातच न्या, पाण्यावर ती रातोरात मऊ पडते. बोट पाण्यात घालण्याआधी परवानगीची चौकशी करा आणि लाइफ जॅकेट अंगातून काढू नका. खर्च म्हणाल तर जायचं-यायचं डिझेल, बाकी काही नाही.

सकाळी काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी सुरू व्हायच्या आधी पाणी इतकं शांत असायचं की मी चहाचा कप धरून नुसती बसून राहायची. लांबवर रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे. मला फार बरं वाटत होतं, आणि ते ह्यांच्यापुढं कबूल करायचं जिवावर येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा एकाएकी चढला. सुकाणू ह्यांच्या हाती होतं आणि शिडाची दोरीही ह्यांनीच बांधलेली. वारा चढला की शीड लगेच सैल सोडता यावं म्हणून ती झटकन सुटेल अशीच अडकवायची असते, वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण ह्यांनी जन्मभर चादरींचे गठ्ठे बांधलेत. परगावी जाणारा गठ्ठा ट्रकमध्ये सुटू नये म्हणून मारतात ती गाठ, ओढाल तितकी आवळणारी. हातांनी सवयीनं तीच मारली होती. बोट एका अंगावर कलली, पाणी आत यायला लागलं, आणि हे सुकाणू सोडून नखांनी गाठ उकलायला बसले. ती काही सुटेना. मग ह्यांचे हातच थांबले. दोरी धरून नुसते बघत राहिले.

मी सुकाणू धरलं, जोर लावून बोटीचं तोंड वाऱ्याकडं फिरवलं. शीड सैल पडून फडफडलं आणि बोट सरळ झाली. “अहो, कांद्याची सुरी घ्या,” मी म्हटलं. ह्यांनी दोरी कापली.

कमलबाईंनी काठावरून सगळं पाहिलं होतं. चहा देताना म्हणाल्या, “लई भारी फिरवली की नाव तुमी. मालक तर नुसतंच धरून बसलं हुतं.” त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ह्यांनी कप तसाच खाली ठेवला.

 दिवेलागणीला ह्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, “मला वाटायचं, मी तुला नेतोय.”

मी म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर म्हणा, अट दोघांनाही लागू आहे. हे कापलेल्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.  नाही म्हणायला आलेली मी, आता ह्यांनी नाही म्हणू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. शेवटच्या दिवशी बोट मीच चालवली. हे पुढच्या टोकाला बसून दोरी अडकवत होते, सोडवत होते, पुन्हा अडकवत होते. बोलणं कामापुरतं.

घरी आलो. पलंग ऐसपैस, गॅस जागेवर, पाण्याची टाकी भरलेली. दोन दिवस मी जिन्याचा कठडा धरून चालत होते, जमीन हलल्यासारखी वाटायची. गोव्याच्या बोटीचं नाव कुणीच काढलं नाही.

रविवारी ह्यांनी फोन लावला. मी भांडी टाकून दारात उभी राहिले. बोट घेतोय, हे म्हणाले. मग पलीकडून विचारलं असावं, चालवणार कोण. 

“मिसेस चालवणार,” हे म्हणाले. “मी त्यांच्या हाताखाली.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आनंद तर झालाच. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला समुद्राची भीती वाटली.