सातवा नियम आणि आठ नावांचा एक प्रोग्राम

शिवमूर्ती बिराजदार लातूरच्या एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहेत. बुद्धिबळ ते जेमतेम खेळतात. पण दर जानेवारीत तिथे एक स्पर्धा भरते. मुलांनी लिहिलेले प्रोग्राम एकमेकांशी बुद्धिबळ खेळतात आणि कुणाची गाठ कुणाशी, हे बिराजदार ठरवतात. सारख्या गुणांचे समोरासमोर, एकदा खेळलेली जोडी पुन्हा नाही. आजवर त्यांच्या जोड्यांवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं.

नियमांच्या कागदावरचा सातवा नियम त्यांचा स्वतःचा. एकाच संस्थेचे दोन प्रोग्राम आपसात खेळणार नाहीत. पहिल्या वर्षी लोह्याहून एकाच बाकावरची दोघं आली आणि पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर बसली. सोबत आलेले किशनराव म्हणाले, "हे तर आमच्या ओट्यावर बी झालं असतं. लातूर कशाला दाखवलं मग?" बिराजदारांना ते पटलं. पुढच्या वर्षी नियम छापला गेला, खाली त्यांचं नाव.

यंदा चोवीस प्रोग्राम आले. त्यांतले आठ एकाच शिकवणी वर्गाचे. वर्गाचे संचालक व्यंकटराव सकाळपासून पहिल्या रांगेत बसून होते. स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या दोघांना पुण्याच्या राज्य फेरीत जागा होती.

जळकोटहून अक्षरा हुडगे ही डिप्लोमाची विद्यार्थिनी एकटी आली होती. दीड वर्ष खपून लिहिलेला प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर होता. पहिली फेरी तिने जिंकली. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत तिच्यासमोर त्या वर्गाचा प्रोग्राम आला, दर वेळी नव्या नावाचा. तिन्ही डाव बरोबरीत सुटले.

चौथ्या फेरीनंतर ती बिराजदारांच्या टेबलाशी आली. "सर, हे दोन कागद बघा. दुसरी फेरी आणि चौथी. दोन्हीकडं काळी मोहरी माझी."

त्यांनी पेन्सिलीने एकेक खेळी पडताळली. एकोणचाळीस खेळ्या, एकही वेगळी नाही. मग वर्गाच्या बाकीच्यांचे डाव त्यांनी काढले. प्रोग्राम एकच होता. त्याला आठ मुलांची नावं लावली होती. हे आठ आपसात कधीच भेटणार नव्हते. एकाचा गुण दुसऱ्याने खायचा नाही, सगळ्यांनी मिळून बाहेरच्यांना खायचं. वर तेच साचलेले, त्यामुळे त्यांच्यासमोर बसवायला खालून अक्षरासारखी कुणी आणावी लागे. हे सगळं सातव्या नियमाने घडत होतं.

ते कागद घेऊन व्यंकटरावांकडे गेले.

"एकच हाय की हो हे."

"आठ पोरांनी आठ मशिनींवर टाइप केलंय, बिराजदार. मेहनत आठांची."

"आपसात खेळवून दाखवता का मग?"

"खेळवा ना," व्यंकटराव हसले. "पण नियम तुमचाच हाय. खाली नाव कुणाचं छापलंय, वाचा जरा. मोडायचा आसंल तर माइकवर सांगून मोडा."

आयोजकांपैकी दोघे मान खाली घालून मोबाइल बघत राहिले. हॉलबाहेर वर्गाचा फलक आधीच छापून आला होता. आठ फोटो. क्रमांकाच्या जागा तेवढ्या कोऱ्या.

बिराजदार टेबलाशी परतले. चालू स्पर्धेत नियम बदलायचा नाही, हेही त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं होतं. पाचव्या, शेवटच्या फेरीच्या जोड्या त्यांनी नियमाने लावल्या. अक्षरासमोर पुन्हा तेच आलं, चौथं नाव घालून. पुन्हा बरोबरी. निकालात पहिले आठ एका वर्गाचे आणि नववी अक्षरा. बिराजदारांनी खाली सही केली. बक्षिसाच्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हा ते नळावर हात धूत होते. साबण दोनदा लावला.

जिन्यात अक्षरा भेटली. लॅपटॉप पिशवीत भरत होती.

"तो सातवा नियम माझा हाय, बाई," ते म्हणाले.

"ठाऊक हाय. मग मोडायचा की, सर."

"मधेच मोडता येत न्हाई."

"त्यांना आठ नावं लावता येतात. तुम्हाला एक नियम मोडता येत न्हाई." तिने चेन ओढली. "मग तुम्हाला बी त्यांच्यातच धरू का?"

"धर," बिराजदार म्हणाले.

तिने धरलं. नमस्कार न करताच ती जिना उतरली.