नामसूचीतली एक्केचाळीस नावं

मार्चमधल्या त्या गुरुवारी लोरेटा ह्रुस्का मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली, ती दार आपटूनच.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावाच्या हायस्कुलात ती इंग्रजी शिकवायची आणि तेवीस वर्षं शाळेचा वार्षिकांक काढायची. शेवटची पानं चार वाजता छापखान्याकडे जायची होती आणि दोन वाजता तिच्या टेबलावर चिठ्ठी आली होती : फुटबॉलला आणखी दोन पानं द्या, ८८ आणि ८९ काढा.

"नील, ही चिठ्ठी शुद्धीवर असताना लिहिलीस ना?"

नील ब्रँडवोल्ड मुख्याध्यापक असला, तरी एकेकाळी तिच्याच वर्गात बसलेला. तिला पाहताच त्याचा हात अजून टाय सारखा करायला जायचा.

"राज्याचा कप आणलाय पोरांनी, मिसेस ह्रुस्का. पालक रोज माझं डोकं खातात. चौदा पानं त्यांना कमी वाटतात."

"मग सोळा कर! एकेका खेळाडूचे दातसुद्धा मोजता येतील."

"पानं वाढवता येत नाहीत, हे तुम्हीच सांगता. काहीतरी काढावंच लागणार. आणि ८८-८९ वर आहे काय? बटाटे सोलणारी मुलं!"

लोरेटाची कानशिलं तापली. प्रत्येक मूल अंकात निदान तीनदा दिसलं पाहिजे, हा नियम तिने यंदा केला होता. जानेवारीत ती पटावरच्या नावांवर खुणा करत बसली. नाटकातली, संघातली मुलं दहा-दहा पानांवर झळकत. पण एक्केचाळीस मुलं अशी निघाली, की शाळा सुटली की थेट कामावर. कोणी किराणा दुकानात, कोणी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, कोणी घरी धाकट्या भावंडांपाशी. त्यांचा ना क्लब, ना संघ. तेव्हा लोरेटा स्वतः कॅमेरा घेऊन महिनाभर त्यांच्यामागे फिरली आणि ती दोन पानं उभी राहिली. मारिसेला ओचोआचा आजवर दर अंकात एकच फोटो छापून यायचा, वर्गाच्या रांगेतला, तोही दरवेळी डोळे मिटलेला. इथे ती बटाट्यांच्या ढिगामागे खळखळून हसत होती.

"ठीक आहे," लोरेटाने अंकाच्या शेवटी छापायच्या नामसूचीचे कागद त्याच्यापुढे आपटले. "पानं काढायची तर त्यांवरच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढचा पानाचा आकडाही खोडावा लागतो. हे घे लाल पेन. खोड."

"हे तुमचं काम आहे."

"आजवर होतं. आज तू कर."

तिला वाटलं होतं, दहाव्या नावाशी तरी हात अडखळेल. नील सरसर खोडत सुटला. मध्येच फोन वाजला. विजयाच्या मेजवानीत मांस किती लागेल यावर हसत बोलता बोलता त्याने आणखी सहा आकडे उडवले. फोन ठेवून त्याने विचारलं, "ही ओचोआ कोण?"

"चार वर्षं तुझ्या शाळेत आहे."

"असं?" म्हणत त्याने तिचाही आकडा खोडला.

लोरेटाने कागद उचलले, ती आपल्या खोलीत गेली आणि तिने अंक आधी होता तसाच, ८८-८९ सकट, छापखान्याला पाठवून दिला. मंजुरीच्या कागदावर जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव घातलं. मग परत येऊन दारातूनच सांगितलं, "गेली पानं. एकही आकडा न खोडता."

नील उठून उभा राहिला. "पुढच्या वर्षी अंक तुमच्याकडे नसेल."

"नसू दे! पण तुला मीच शिकवलं, हे गावात कोणाला सांगू नकोस. मला लाज वाटेल."

मे महिन्यात अंक आले. ते वाटायला लोरेटाला कोणी बोलावलं नाही. मुलं एकमेकांच्या अंकांवर सह्या करत व्हरांडाभर गोंधळ घालत होती, आणि ती वर्गात बसून निबंधांवर नको तितक्या जोराने खुणा करत होती.

मारिसेला दारात आली. ८८ वं पान उघडून तिने अंक पुढे केला. "मॅडम, सही द्या ना. आणि थँक यू. आमच्यासाठी तुम्ही एवढं..."

"थँक यू कशाबद्दल?" लोरेटा कडाडली. पोरगी दचकली. "कोणी उपकार केले तुझ्यावर?"

तिने अंक ओढून घेतला आणि बटाट्यांच्या ढिगाशेजारी लिहिलं : 'हे पान तुझ्या हक्काचं आहे. याच्यासाठी कोणाचे आभार मानायचे नाहीत, माझेसुद्धा. लो. ह्रुस्का.'